सात दिवस, एकच डोंगर

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही चार मित्र न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास राहतो. सगळे पंचेचाळीस ते बावन्न वयाचे. मुलांना स्कीइंग शिकवायला म्हणून व्हरमाँटला जायला लागलो, मुलं कॉलेजात गेली आणि नाद आम्हालाच राहिला. त्यातही गुळगुळीत उतारांवर आता मन रमत नाही, मोगल्सच, म्हणजे बर्फाच्या टेंगळांनी भरलेले उतारच, हवे असतात. व्हरमाँटमधल्या किलिंग्टनचा आउटर लिमिट्स हा उतार आमचा आखाडा. यंदा मार्चमध्ये सात दिवस पश्चिमेला जायचं ठरतंय. एका मित्राने बेत आखलाय: कोलोराडोत ब्रेकनरिज, व्हेल, विंटर पार्क, मग यूटात डिअर व्हॅली आणि जमलंच तर पुन्हा कोलोराडोत टेल्युराइड. मला हे फार धावपळीचं वाटतं, पण एवढा खर्च करून एकच ठिकाण बघायचं का, हा त्याचा प्रश्नही पटतो. शिवाय आमच्यातल्या एकाचं दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. आणि माझी पत्नी सोबत येणार आहे. ती अजून शिकतेय. ती विचारते, तुम्ही चौघं दिवसभर त्या टेंगळांत असणार, मग मी काय करायचं? आम्ही काय करावं? — एक मोगलप्रेमी

उत्तर:

प्रिय मोगलप्रेमी,

तुमच्या मित्राच्या यादीतली पाचही ठिकाणं उत्तम आहेत. व्हेलला हायलाइन लिफ्टखालचे उतार, ब्रेकनरिजला माक वन, टेल्युराइडला थेट गावाच्या डोक्यावरून खाली कोसळणारा स्पायरल स्टेअर्स. कुणाचंही मन मोहून जाईल. तरी माझं उत्तर ऐका: चार ठिकाणं खोडा, विंटर पार्क ठेवा आणि तिथेही मेरी जेन या डोंगराच्या बाजूलाच सहा दिवस काढा.

डेन्व्हरला राहायला आल्यावर पहिल्या मोठ्या सुट्टीत मीही तुमच्या मित्रासारखाच बेत केला होता. सहा दिवसांत चार डोंगर. आज त्यातलं आठवतं ते सामान बांधणं, सोडणं आणि गाडीतले तास. प्रत्येक ठिकाणी पहिला अर्धा दिवस नकाशा समजून घेण्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी जरा कुठे पाय बसायला लागले की निघायची वेळ झाली. गुळगुळीत उतारांवर हे चालून जातं, तिथे नवा डोंगर म्हणजे नवा देखावा. मोगल्सचं तसं नाही. ते गाण्याच्या रियाजासारखे आहेत, एकच जागा पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. आज तिसऱ्या वळणावर तोल का गेला ते उद्या त्याच वळणावर गेल्याशिवाय कळत नाही.

अंतरंही लक्षात घ्या. पूर्वेकडे तीन तासांत दोन राज्यं ओलांडता येतात, इथे तसं होत नाही. विंटर पार्कहून टेल्युराइड किंवा यूटातलं पार्क सिटी (डिअर व्हॅली तिथेच आहे), दोन्हीकडे गाडीने सहा-सात तास धरायचे, तेही रस्ता कोरडा असेल तर. सातांतले दोन दिवस तुमचे गाडीतच जातील.

आता मेरी जेनच का, ते सांगते. विंटर पार्क हे १९४० साली डेन्व्हर शहराने आपल्या नागरिकांसाठी उभं केलेलं स्कीइंगचं ठिकाण. मेरी जेन हा त्याचा शेजारचा डोंगर १९७५-७६च्या हंगामात खुला झाला आणि तेव्हापासून मोगल्स म्हणजे मेरी जेन असं समीकरण इकडे पक्कं झालं. 'नो पेन, नो जेन' हे तिथलं ब्रीद तुम्हाला गाड्यांच्या मागे चिकटवलेलं दिसेल. बाकीची बहुतेक रिसॉर्ट्स रात्री यंत्रं फिरवून उतार सपाट करतात आणि मोगल्ससाठी दोन-चार पट्टे सोडतात. मेरी जेनला उलट आहे. तिथे एकामागून एक लांबच लांब उतार मुद्दाम तसेच सोडलेले असतात. ट्रेसल, ब्रेकमन, डिरेलर, गोल्डन स्पाइक ही उतारांची नावं रेल्वेतली आहेत, कारण डोंगराच्या पायथ्याशीच मोफट बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड आहे. हा सहा मैलांहून लांब बोगदा १९२८ साली सुरू झाला. त्याआधी गाड्या वरच्या रॉलिन्स खिंडीतून वळसे घेत जायच्या. त्या वाटेवरच्या एका वळशाचं नाव रायफलसाइट नॉच. मेरी जेनवरचा त्याच नावाचा उतार तुम्ही विसरू नका, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

जरा थांबून एक सांगते, कारण आपल्याकडच्या वाचकांना हा शब्द नेहमी खटकतो. या मोगलचा दिल्लीच्या मोगलांशी काही संबंध नाही. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाकडच्या जर्मन बोलीत छोट्या टेकाडाला मुगल म्हणतात, तिथून तो आला. आणि ही टेकाडं कुणी बांधत नाही. उतारावर पहिला माणूस जिथे वळतो तिथलं बर्फ खरवडलं जातं आणि थोडं खाली साठतं. मागचा माणूस त्या साठ्याला वळसा घालतो, आणखी खरवडतो. दोन-चार दिवसांत सगळा उतार टेंगळांनी भरून जातो. स्पर्धेसाठी यंत्राने रचलेले मोगल्स सारख्या अंतरावर असतात. मेरी जेनचे मोगल्स लोकांनी घडवलेले आहेत, म्हणून वेडेवाकडे, प्रत्येकाची उंची वेगळी. आउटर लिमिट्सवर शिकलेल्या माणसाला त्यात मजा येईल, फक्त तिथली कडक, निसरडी घसरण इथे सहसा मिळणार नाही. इथलं बर्फ कोरडं असतं, टोकं मऊ असतात आणि चूक केली तर डोंगर जरा क्षमा करतो.

तुमच्या घराजवळची एक गोष्ट मित्रांना जरूर सांगा. १९९२ साली आल्बेरव्हिलला मोगल्स पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये आले. त्यात महिलांचं सुवर्ण मिळवणारी डॉना वाइनब्रेख्ट तुमच्याच न्यू जर्सीची, आणि तिने मोगल्स घोटले ते किलिंग्टनला. म्हणजे पूर्वेच्या डोंगरावर तयार झालेला पाय पश्चिमेला कमी पडतो असं समजू नका.

कमी पडते ती हवा. डेन्व्हर शहरच जवळपास कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर आहे. मेरी जेनचा पायथा ९,४५० फूट आणि विंटर पार्कचा माथा १२,०६० फूट. वर तुमच्या छातीला समुद्रकाठच्या तुलनेत दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. एडिसनहून निघून दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही मोगल्समध्ये घुसलात तर दहाव्या वळणाला मांड्या पेटतील आणि दोष तंत्राला द्याल. म्हणून पहिली रात्र डेन्व्हरलाच झोपा. भरपूर पाणी, हलकं जेवण, आणि पहिले दोन दिवस दारूला हात लावू नका. डोकं दुखलं तर पहिल्या दिवशी जोर करायचा नाही, आणि दुखणं वाढत गेलं तर खाली उतरून डॉक्टर गाठायचा. हे मी फार मनापासून सांगतेय, कारण उंचीला कमी लेखून पहिल्याच संध्याकाळी आजारी पडलेली धडधाकट माणसं मी पाहिली आहेत.

नेवार्कहून डेन्व्हरला थेट विमानं आहेत, चार तासांच्या आसपास लागतात. पुढे गाडी भाड्याने घेण्याआधी रेल्वेचा विचार करा. ॲमट्रॅकची विंटर पार्क एक्स्प्रेस हंगामात आठवड्याचे ठरावीक दिवस सकाळी डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून सुटते आणि दोनेक तासांत त्याच मोफट बोगद्यातून बाहेर पडून लिफ्टच्या जवळच उतरवते. ज्या दिवशी ती नसते त्या दिवशी कॅलिफोर्निया झेफिर ही दुसरी रेल्वेगाडी आहे, ती शेजारच्या फ्रेझर गावात थांबते. गाडीच हवी असेल तर शनिवारी सकाळी डोंगराकडे आणि रविवारी दुपारी डेन्व्हरकडे येऊ नका. आय-७० महामार्गावर त्या वेळी सगळं शहर तुमच्यासोबत असतं. आणि पुढे ११,३०७ फुटांवरची बर्थूड खिंड आहे, तिथे बर्फ पडत असताना साध्या टायरची गाडी नेऊ नये.

तारखा मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या घ्या. डिसेंबरात मोगल्स छोटे असतात आणि मधून दगड डोकावतात. जानेवारीत थंडी फार. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात गर्दी आणि भाडी दोन्ही टोकाला जातात. मार्चच्या मध्यापासून शाळांच्या सुट्ट्या सुरू होतात. मधला तो एक आठवडा सोन्यासारखा असतो: खाली बर्फाचा जाड थर बसलेला, दिवस मोठा, ऊन उबदार. मध्ये जोराचं बर्फ पडलं तर नाराज होऊ नका. पहिल्या दिवशी सगळे खड्डे बुजून मऊ गादी होईल, दुसऱ्या दिवशी नव्या टेकाडांचे आकार दिसायला लागतील आणि तिसऱ्या दिवशी ते तयार झालेले असतील. हे घडताना बघायला मिळणं हा एकाच डोंगरावर राहण्याचा सर्वांत मोठा लाभ आहे असं मला वाटतं. पाच ठिकाणं फिरणाऱ्याच्या वाट्याला यातला एखादाच दिवस येतो.

पैशांचं थोडक्यात. खिडकीवर रोजचं तिकीट काढू नका, मोठ्या ठिकाणी ते माणशी २०० डॉलरच्या वर जातं. विंटर पार्क आयकॉन पासवर, म्हणजे अनेक ठिकाणी चालणाऱ्या हंगामी पासवर, आहे आणि सध्या तुमचं किलिंग्टनही त्यात आहे, त्यामुळे चौघांनी तो घेतला तर घरच्या आखाड्यावरही काही दिवस वापरता येईल. हे पास वसंतात सर्वांत स्वस्त असतात, शरद ऋतूत चढत जातात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते. म्हणजे मार्चच्या सहलीचा निर्णय दिवाळीच्या सुमारास झालेला असावा. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा बघा. घरून थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट न्या. दिवसभर मांड्या झिजवून आल्यावर गावात टेबलासाठी ताटकळण्यापेक्षा तव्यावरचं गरम थालीपीठ फार बरं वाटतं.

स्की कुठले, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार, कारण पश्चिमेला आलेल्या मोगलप्रेमींची सर्वांत जास्त फसगत इथे होते. भाड्याच्या दुकानात 'पश्चिमेला ताजं बर्फ असतं' म्हणून बुटाखाली १०० मिलिमीटरहून रुंद स्की हातात दिले जातात. मला एकदा असेच मिळाले. मोगल्सच्या खोबणीत ते एका कडेवरून दुसऱ्या कडेवर वेळेत येईनात आणि संध्याकाळी दोन्ही गुडघे आतून ठणकत होते. ७० ते ८५ मिलिमीटरच्या दरम्यानचे, फार ताठ नसलेले स्की मागा, किंवा आपलेच घेऊन या. काठ्या नेहमीपेक्षा थोड्या आखूड घ्या. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, लावताना वजन, वय आणि स्वतःची पातळी खरी सांगा. पातळी वाढवून सांगितली की बाइंडिंग घट्ट बसतं, आणि पडल्यावर सुटायला हवं तेव्हा सुटत नाही.

यावरून तुमच्या ऑपरेशन झालेल्या मित्राकडे येते. त्याने यावं की नाही हे त्याच्या सर्जनला विचारा, आणि विचारताना नुसतं 'स्कीइंग' म्हणू नका, मोगल्स म्हणा. परवानगी मिळाली तर निदान आठ आठवडे आधी पायांची तयारी सुरू करायला सांगा. मोगल्समध्ये मांडी दर वळणाला वजन झेलत दुमडते, म्हणून व्यायामही तसाच हवा: सावकाश बैठका, एका पायावर हळू खाली जाणं, जिना चढण्यापेक्षा उतरण्यावर भर. फिजिओथेरपिस्टला हे शब्दशः सांगा, तो नीट बसवून देईल.

डोंगरावर त्याने झिपर लाइन सोडून द्यावी. टेकाडांमधल्या खोबणीतून सरळ रेषेत खाली जाणं दिसतं देखणं, पण प्रत्येक टेकाडाचा धक्का गुडघ्यात बसतो. त्याऐवजी टेकाडाच्या खांद्यावरून, म्हणजे बाजूच्या मऊ उतारावरून वळायचं, टेकाडाच्या पाठीवर वेग कमी करायचा आणि मग पुढच्याकडे जायचं. वळणं गोल होतात, वेग हातात राहतो. याला कमीपणा मानू नका. जागतिक स्पर्धेतसुद्धा १०० पैकी ६० गुण वळणांचे असतात, उड्यांचे २० आणि वेगाचे २०. मी तर चौघांनाही पहिले दोन दिवस खांद्यावरूनच जायला सांगेन. दहा-बारा वळणं घ्या, थांबा, श्वास बसू द्या, पुन्हा दहा-बारा. आणि दुपारी दोननंतर मोगल्स बंद. सावली पसरली की खड्डे दिसेनासे होतात, पाय थकलेले असतात, आणि 'शेवटची एकच फेरी' नेमकी तेव्हाच घ्यावीशी वाटते. त्याला एकट्याला थांबायला लावू नका. चौघंही थांबा.

आता तुमच्या पत्नीचा प्रश्न. पत्र वाचताना मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि तुम्ही तो सगळ्यात शेवटी लिहिला आहेत. त्या 'सोबत येणार' नाहीत, त्याही स्कीइंगलाच येणार आहेत. मग बेत त्यांना धरून करा. पाच ठिकाणांच्या धावपळीत नवशिक्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान होतं. रोज नवी लिफ्ट, नवा उतार, नवी भीती. एकाच ठिकाणी राहिल्या तर तीन दिवस त्याच शिक्षकाकडे शिकता येईल. विंटर पार्कच्या बाजूला शिकणाऱ्यांसाठी लांब, सौम्य उतार आहेत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या क्रॅनमरवर उतरताना दिसल्या तर मला नवल वाटणार नाही. तो निळ्या खुणेचा, म्हणजे मध्यम अवघड, रुंद, छान सपाट केलेला उतार आहे. ज्यांच्या पुढाकाराने डेन्व्हर शहराने हे ठिकाण उभारलं त्या जॉर्ज क्रॅनमर यांचं नाव त्याला दिलंय. दुपारचं जेवण रोज डोंगरावरच्या सनस्पॉट या उपाहारगृहात सगळ्यांनी एकत्र घ्या. विंटर पार्कच्या पायथ्यापासून तिथे गोंडोला जातो, त्यामुळे एखाद्या दिवशी त्यांना स्की घालायचे नसतील तरी त्या वर येऊ शकतात. तुम्ही मेरी जेनवरून लिफ्ट बदलून तिथे या. आणि सातांतली एक पूर्ण दुपार तुम्ही त्यांच्याबरोबर त्यांच्या उतारावर काढा. मित्रांना तेवढा वेळ तुमच्याशिवाय करमेल.

डिअर व्हॅली सोडून द्यायला तुमचा मित्र सहज तयार होणार नाही, हे मला कळतं. तिथला चॅम्पियन उतार म्हणजे या खेळाचं पंढरपूर. २००२च्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेची कारी त्रा आणि फिनलंडचा यान्ने लाहतेला यांनी तिथेच सुवर्ण जिंकलं, आणि अमेरिकेच्या जॉनी मोझलीने परीक्षकांना न जुमानता आपली 'डिनर रोल' नावाची उडी घेतली ती तिथेच. चौथा आला, पण लोक अजून ती उडी आठवतात. मित्राला सांगा, चॅम्पियन पुढच्या वर्षी. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळाहून डिअर व्हॅली तासाभराच्या आतच आहे, तेव्हा त्याची वेगळी चार दिवसांची सहल सहज होते. फक्त जागतिक स्पर्धेच्या आसपासच्या तारखा टाळा, तेव्हा तो उतार खेळाडूंसाठी राखलेला असतो.

आणि 'एवढा खर्च करून एकच डोंगर?' असं त्याने पुन्हा विचारलं तर त्याला रायफलसाइट नॉचवर घेऊन जा. कोलोराडोतल्या संशोधकांनी याच उताराची हंगामभर ठरावीक वेळाने छायाचित्रं घेतली आणि ती सलग लावून पाहिली. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलं ते असं: मोगल्स जागेवर उभे राहत नाहीत, ते डोंगर चढतात. आपण प्रत्येक टेकाडाची खालची बाजू खरवडतो आणि ते बर्फ खालच्या टेकाडाच्या वरच्या अंगावर जाऊन पडतं. एकीकडून झिजत आणि दुसरीकडून भरत सगळी रांग वर सरकते, दिवसाला साधारण ८ सेंटिमीटर, हंगामात १० मीटरच्या आसपास. माणसं सगळी खाली जातायत आणि त्यांच्या पायाखालचे मोगल्स वर चढतायत.

तेव्हा पहिल्या दिवशी त्या उताराच्या कडेला एखादं ठळक झाड निवडा, त्याच्या रेषेतलं एक टेकाड हेरा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेवटच्या दिवशी तिथूनच दुसरा काढा. मोठं बर्फ पडलं नाही तर ते टेकाड जवळपास अर्धा मीटर वर गेलेलं असेल. दोन्ही फोटो मला पाठवा.